सासरी आकाशकंदील, माहेरी दुखवटा: ही दिवाळी कशी पार पाडू?

पत्र

मी 41 वर्षांची आहे, ठाण्यात राहते, नोकरी करते. मुलगा नववीत आहे. माझा धाकटा भाऊ मार्चमध्ये हार्ट अटॅकने अचानक गेला. जूनपासून मानसोपचारतज्ज्ञांची गोळी चालू आहे, एस्सिटालोप्राम 10 (नैराश्य आणि चिंतेवरची, 10 मिलिग्रॅमची), रात्री जेवणानंतर. मध्ये बरं वाटायला लागलं होतं. मग गणपती आले. सासर सातारा जिल्ह्यात, गौरी-गणपतीला घरात चौदा-पंधरा माणसं. चार रात्री तीन-साडेतीन तासांच्या वर झोप मिळाली नाही आणि धावपळीत दोन दिवस गोळी राहिली. गौरीजेवणाच्या दिवशी पंगत वाढताना गरगरलं, हात थरथरले. न्हाणीघरात जाऊन रडले. आता दिवाळीला पुन्हा तिकडेच जायचं आहे. सासूबाई वाईट नाहीत, पण म्हणतात, 'लेकराकडे बघून सण करायचा.' कोल्हापूरला आई आणि वहिनी दोघीच आहेत, त्यांच्याकडे यंदा सण नाही. भाऊबीजेचा नुसता विचार आला तरी छातीत धडधडतं. गोळी घेऊनही असं का होतं? मी कमी पडते आहे का?

उत्तर

ताई, तुम्ही कमी पडत नाही आहात. गौरीजेवणाच्या दिवशी जे झालं त्याची बरीचशी कारणं तुमच्याच पत्रात आहेत, आणि त्यातली दोन तुम्हाला दिवाळीआधी दुरुस्त करता येतील.

आधी गोळीचं. एस्सिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण अर्ध्यावर यायला साधारण तीस तास लागतात. त्यामुळे एखादी गोळी चुकली तर बहुतेकांना काही जाणवत नाही. सलग दोन चुकल्या की मात्र गरगरणं, मळमळ, डोक्यात झिणझिणी किंवा विजेचा बारीक झटका बसल्यासारखं वाटणं, चिडचिड, विनाकारण रडू येणं असे त्रास होऊ शकतात. हे व्यसन नव्हे आणि गोळी निकामी ठरल्याचं लक्षणही नव्हे. शरीराला ज्या प्रमाणाची सवय झाली होती ते एकदम खाली आलं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात चार रात्रींची अपुरी झोप आणि दिवसभराचा चहा. इतकं सगळं एकत्र आल्यावर धडधाकट माणसाचेही हात थरथरतात.

गोळी रात्री जेवणानंतर घेण्यात सणाच्या दिवसांत एक अडचण असते: ते जेवण रोज वेगळ्या वेळी होतं. लक्ष्मीपूजनाला रात्रीचे दहा वाजतात, पाहुणे आले तर अकरा, आणि मग ओटा आवरून जी माणसं आडवी होतात त्यांना गोळी आठवत नाही. सकाळचा चहा मात्र चौदा माणसांच्या घरातही ठरल्या वेळी होतो. ही गोळी सकाळी किंवा रात्री, जेवणाआधी किंवा नंतर कशीही चालते. तेव्हा निघण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करून विचारा, 'सकाळवर आणू का आणि कशी आणू?' त्यांनी हो म्हटलं तर घर सोडण्याच्या आठवडाभर आधीच बदल करा, म्हणजे नवी वेळ अंगवळणी पडेल. तरीही एखाद दिवशी राहिलीच, तर त्याच दिवशी आठवल्याबरोबर घ्या. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका.

गोळ्या मोजून न्या. जितके दिवस बाहेर राहणार तितक्या, आणि वर सात. एक पाकीट पर्समध्ये, दुसरं नवऱ्याच्या बॅगेत. दिवाळीत दवाखाने चार-पाच दिवस बंद असतात, आणि तालुक्याच्या दुकानात तुमच्या कंपनीची गोळी मिळेलच असं नाही. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि मूळ कागदही जवळ असू द्या. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी 'एस्सिटालोप्राम 10' असं औषधाचं नाव लिहून घेतलं की दुकानदाराला दुसऱ्या कंपनीची देता येते.

आणखी तीन गोष्टी, कारण सणात घरचा औषधांचा डबा सगळ्यांसाठी उघडा असतो. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं या गोळीबरोबर घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. फटाक्यांच्या धुराने खोकला आला तर दुकानातून सिरप घेताना 'यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन नाही ना?' असं विचारा, ते एस्सिटालोप्रामबरोबर चालत नाही. आणि 'माझी झोपेची अर्धी घे, बरं वाटेल' असं मायेने कोणी म्हटलं तरी घेऊ नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या दुसऱ्याच्या चिठ्ठीवरच्या कधीच घ्यायच्या नसतात.

आता झोप. आमच्या मते या दिवाळीत तुम्ही एकच गोष्ट हट्टाने राखायची असेल तर ती झोप. फराळ बाजूला पडला तरी कोणी आजारी पडत नाही. चोवीस तासांत किमान साडेसहा-सात तास मिळाले पाहिजेत, आणि हा हिशेब उलटा करायचा. अभ्यंगस्नानासाठी नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला उठायचं, तर आदल्या रात्री साडेनऊला अंथरुणावर. म्हणजे धनत्रयोदशीची रात्रीची आवराआवर तुमची नाही, हे आधीच ठरलेलं हवं. लक्ष्मीपूजनाची रात्र लांबणारच, तेव्हा दुसऱ्या दिवशी पाडव्याला सातपर्यंत झोपा. पाडव्याचं स्नान घरातल्यांनी पहाटे उरकलं आणि तुमचं आठला झालं तर सणाचं काही अडत नाही. दुपारी तीनच्या आत वीस ते तीस मिनिटं आडवं व्हा, त्याहून जास्त नको, नाहीतर रात्रीची झोप जाते. आणि चहा! दिवाळीत घरोघरी कप पुढे येतो. चारनंतर प्यायलेल्या चहा-कॉफीतल्या कॅफिनचा जवळजवळ अर्धा भाग रात्री नऊलाही अंगात असतो. 'चहा नको, पाणी द्या, आत्ताच घेतलाय' म्हणायला कोणाची हरकत नसते.

(वाचकांपैकी ज्यांना बायपोलर आजार आहे त्यांच्यासाठी: सणातली जागरणं तुम्हाला जास्त महागात पडतात. दोन रात्री झोप कमी होऊनही थकवा वाटत नसेल, उलट उत्साह चढत असेल, बोलणं आणि खरेदी वाढली असेल, तर भाऊबीजेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लिथियम चालू असेल तर निर्जळी उपास आणि जुलाब दोन्ही धोक्याचे, कारण पाणी कमी झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण विषारी पातळीपर्यंत चढू शकतं.)

झोपेचं गणित जमवायचं तर काम कमी करावं लागेल, आणि ते कोणीतरी सासूबाईंना सांगावं लागेल. ते तुमच्या नवऱ्याने सांगायचं. आई त्याची आहे. तुम्ही सांगितलंत तर ती सुनेची तक्रार होते, त्याने सांगितलं तर घरातला निर्णय होतो. फोनवर, निघण्याच्या दहा-बारा दिवस आधी, साध्या शब्दांत: 'आई, हिची औषधं चालू आहेत. डॉक्टरांनी झोप मोडायची नाही म्हणून सांगितलंय. गणपतीत त्रास झाला तो त्यामुळेच. यंदा रात्रीचं आवरणं मी आणि दादा बघतो, आणि फराळातलं अर्धं विकतचं आणतो.' 'तिला टेन्शन देऊ नका' असं मोघम सांगितलं तर वयस्कर माणसांना नेमकं काय करायचं ते कळत नाही, आणि दोन दिवसांत गाडी पुन्हा जुन्या रुळावर येते. काम कोणतं, ते कोण करणार आणि कधी, हे बोलण्यात असलं पाहिजे.

फराळाचंच घ्या. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, वाळवायचे, दळायचे, पीठ मुरवायचं, आणि तळताना पहिले चार हसणार. करंज्यांना सारण, पारी, मुरड मिळून चार माणसांची दुपार जाते. हे दोन्ही पदार्थ यंदा गावातल्या बचत गटाकडून किंवा घरगुती फराळ करणाऱ्या बाईंकडून घ्या, मागणी आठ-दहा दिवस आधी नोंदवा. चिवडा आणि शंकरपाळे ठाण्याहून करून न्या. दोन्ही आठवडा सहज टिकतात आणि दोन वेगवेगळ्या संध्याकाळी होतात. चकल्या सासूबाईंच्या हाताच्या. त्यात त्यांचा मान राहतो आणि भाजणीचं प्रमाण त्यांनाच ठाऊक असतं. एका दिवशी दोन तळणं मात्र काढायची नाहीत. तीन तास कढईपुढे उभं राहिल्यावर पाठीचं दुखणं आणि मनाचं दुखणं वेगळं करता येत नाही.

इथवरचं सोपं होतं. अवघड पुढे आहे.

तुमच्या माहेरी यंदा सण नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत माणूस गेल्याच्या वर्षी फराळ करत नाहीत, कंदील लावत नाहीत, नातेवाईक डबा आणून देतात. त्या रीतीत दुःखाला जागा आहे. आई आणि वहिनींनी हसतमुख असावं अशी कोणाची अपेक्षा नसते. तुमचं लग्न झालंय, म्हणून तुमच्या सासरच्या घराला हा दुखवटा लागत नाही. भाऊ तुमचा गेला, पण तुमच्या दारात कंदील आहे, रांगोळी आहे, पाडव्याचं औक्षण आहे. हे अंतर तुम्ही एकटीने, मनातल्या मनात भरून काढत आहात. गणपतीत तेच झालं. थकवा कामाचा होता, त्याहून जास्त तो दिवसभर चेहरा नीट ठेवण्याचा होता. 'लेकराकडे बघून सण करायचा' या वाक्यात माया आहे, फक्त ते वाक्य तुमच्या भावाला जागा देत नाही.

ती जागा तुम्ही करून घ्या, आणि उघडपणे घ्या. सासरी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घराबाहेर यमदीपदान होतं तेव्हा भावाच्या नावाने एक वेगळी पणती लावा आणि सासूबाईंना सांगा की ही त्याची. बहुतेक वेळा घरातली मोठी माणसं अशा गोष्टीला नाही म्हणत नाहीत. उलट विषय काढावा की नाही या संकोचात तीही गप्प असतात. एकदा नाव घेतलं गेलं की पुढचे दिवस लपवालपवीचा ताण उतरतो.

दिवसांची वाटणी अशी सुचवतो. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन सासरी. पाडव्याचं औक्षण सकाळीच करून, जेवून, दुपारी कोल्हापूरला निघा. साताऱ्याकडून अडीच-तीन तास धरा. सुट्टीतल्या गर्दीत आणखी लागेल, म्हणून अंधार पडायच्या आत पोचता येईल असं निघा. भाऊबीज आणि त्यानंतरचा एक दिवस आई आणि वहिनींजवळ. सासरच्या नणंदा भाऊबीजेला येणार असतील आणि वहिनी म्हणून तुम्ही हव्या असाल, तर हेही नवऱ्याने त्याच फोनवर सांगून टाकायचं. हे एकाच वर्षापुरतं आहे, असंही सांगावं.

कोल्हापूरला जाण्याआधी आईला आणि वहिनींना वेगवेगळा फोन करा. दोघींचं दुःख एक नाही. एकीचा मुलगा गेलाय, दुसरीचा जोडीदार, आणि एकीला जे बरं वाटतं ते दुसरीला असह्य होऊ शकतं. विचारा: दारात एक दिवा लावला तर चालेल का? त्याचा फोटो बाहेर काढायचा का? त्याच्या आवडीचं काही करायचं, की त्या दिवशी स्वयंपाकच नको? उत्तर 'नको' आलं तर त्यावर वाद नको. काय करणार हे तिघींना आदल्या दिवशी माहीत असलं की धडधड बरीच कमी होते. मनाला घाबरवतं ते मुख्यतः न ठरलेलं.

भाऊबीजेचा दिवस तासांत मोडा. सकाळ बहुधा बरी जाते. दुपारी फोन सुरू होतात, आणि संध्याकाळी औक्षणाची वेळ येते तेव्हा सर्वांत जास्त त्रास होतो. त्या दोन तासांत एकटं राहू नका आणि पाहुण्यांतही राहू नका. आई, वहिनी, मुलगा, एवढीच माणसं. ज्यांना भाऊ नाही त्या बायका या दिवशी चंद्राला भाऊ मानून ओवाळतात, हे तुम्हाला माहीत असेलच. तुम्हालाही तसं करावंसं वाटलं तर करा, नाही वाटलं तर अजिबात करू नका. करणार असाल तर एक लक्षात ठेवा: द्वितीयेची कोर फार बारीक असते, पश्चिमेला खाली दिसते आणि सूर्यास्तानंतर तास-सव्वा तासात मावळते. सहाच्या सुमाराला सूर्य बुडाला की अर्ध्या तासाने गच्चीवर जा. ढग असले, इमारती आड आल्या तर दिसणार नाही, आणि त्या वेळी हळव्या मनाला त्याचाही धक्का बसतो. म्हणून आधीच ठरवा की दिसली नाही तर पश्चिमेकडे तोंड करून दिवा ओवाळायचा.

एखादा चुलत-मावस भाऊ म्हणेल, 'मी आहे ना तुझा भाऊ, मला ओवाळ.' त्याचा हेतू चांगला असतो, तरी ते लागतं. 'तू आहेस, मला माहीत आहे. यंदा नको, पुढच्या वर्षी ये' हे उत्तर पुरेसं आहे. 'किती बारीक झालीस' किंवा 'अजून त्यातून बाहेर नाही आलीस?' यांना 'वेळ लागतोय' एवढंच, आणि तिथून उठून पाणी आणायला जायचं. खुलासे देत बसू नका.

मोबाईलची तयारी घरूनच करून जा. व्हॉट्सअॅपवर नातेवाइकांचे ग्रुप आठवडाभर म्यूट करता येतात. गूगल फोटोज 'या दिवशी' म्हणून जुने फोटो स्वतःहून समोर आणतं. तिथल्या सेटिंगमध्ये आठवणींतून ठरावीक व्यक्ती किंवा ठरावीक तारखा लपवता येतात. गेल्या वर्षीच्या भाऊबीजेची तारीख आणि यंदाची, दोन्ही घाला. फोटो पुसले जात नाहीत, फक्त नकळत समोर येत नाहीत. पाहायचे तेव्हा तुम्ही स्वतः उघडून पाहाल.

धडधड सुरू झालीच तर: बसा, दोन्ही तळपाय जमिनीला टेकवा, चार मोजेपर्यंत नाकाने श्वास आत, सहा मोजेपर्यंत हळू बाहेर, असं पाच मिनिटं. मोठमोठे श्वास घेऊ नका, त्याने चक्कर वाढते. सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा लांब असला पाहिजे. आठवडाभर आधी रोज एकदा सराव केलात तर ऐन वेळी जमतं, पहिल्यांदाच करून पाहिलं तर बहुधा जमत नाही. नवऱ्याबरोबर एक वाक्य ठरवून ठेवा, उदाहरणार्थ 'गाडीची किल्ली कुठे आहे?' ते ऐकलं की त्याने काही न विचारता तुम्हाला घेऊन दहा मिनिटं बाहेर चालायला जायचं. मात्र छातीत दाबल्यासारखं दुखलं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, दरदरून घाम आला, तर मनाचंच असेल असं धरून बसू नका. तुमच्या घरात हृदयविकार आहे, तेव्हा सरळ हॉस्पिटल गाठा.

भाऊ जाऊन सात-आठ महिने झालेत. सणाला रडू येणं, त्याचा आवाज आठवणं, राग येणं हे दुःख आहे, आजार नाही. ते लाटेसारखं येतं, ओसरतं, आणि मधल्या वेळात मुलाच्या एखाद्या बोलण्यावर तुम्हाला हसूही येतं. हसू आलं म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. पण सलग दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर उदास वाटलं, कशातच रस राहिला नाही, भूक-झोप बिघडली, आपण कुचकामी आहोत असं वाटत राहिलं, तर उपचारात बदल हवा असतो. आणि 'त्याच्याऐवजी मी जायला हवी होते' यापुढे जाऊन 'मला जगायचंच नाही' किंवा 'कसं संपवावं' असे विचार आले, तर त्याच क्षणी नवऱ्याला सांगा. त्याने गोळ्या आपल्या ताब्यात घ्यायच्या, तुम्हाला एकटं सोडायचं नाही आणि जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्यायचं किंवा 112 ला फोन करायचा. बोलायला कोणी हवं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे. 2022 मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. दिवाळीच्या रात्रीही. हा क्रमांक वहिनींनाही द्या, त्यांची विचारपूस करताना त्या स्वतः कशा आहेत हे विचारायचं बहुधा सगळेच विसरलेले असतील.

मुलाबद्दल थोडं. नववीतल्या मुलाचाही मामा गेलाय. त्याला फटाके उडवायचे असतील तर उडवू द्या, नको असतील तर 'लहान आहेस, मजा कर' असं म्हणू नका. तुम्ही त्याच्यासमोर रडलात तर बिघडत नाही, 'मामाची आठवण आली' एवढं सांगितलंत तर त्यालाही बोलायला वाट मिळते. लेकराकडे बघून सण करायचा असेल, तर त्याला काय हवंय हे त्यालाच विचारलेलं बरं.

आणखी एक काम निघण्याआधीच करा. ठाण्याला परतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातली डॉक्टरांची वेळ आत्ताच घेऊन ठेवा आणि ऑफिसची रजा परतीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत वाढवा. सणात माणसं आणि कामं असतात, खरा उतार घरी परतल्यावर जाणवतो. तिकडे असताना एका कागदावर रोज तीन गोष्टी लिहा: किती तास झोप, गोळी घेतली का, आणि दिवसातला सर्वांत वाईट तास कोणता. डॉक्टरांना गणपतीत चुकलेल्या दोन गोळ्यांचंही सांगा, लपवू नका, नाहीतर डोस अपुरा पडतोय असं समजून ते तो वाढवतील. आणि दिवाळी चांगली गेली तर गोळी स्वतःहून बंद करू नका. पूर्ण बरं वाटू लागल्यावरही ती सहसा किमान सहा महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. मार्चमध्ये वर्षश्राद्ध येईल तेव्हा पुन्हा असेच दिवस येतील. डॉक्टरांशी बोलताना ती तारीखही त्यांना सांगून ठेवा.